आल्फहिल्डला करपलेलं आवडतं

आल्फहिल्ड ब्रूदीनला करपलेलं आवडतं, हे आमच्या एल्मेबूत सगळ्यांना माहीत होतं. बनचा तळ काळा झाला, बिस्किटाची कड जास्त भाजली, की आम्ही बायका ते फेकून देत नसू. कागदात गुंडाळून बाजूला ठेवायचं आणि म्हणायचं, "हे आल्फहिल्डचं." मी लग्न होऊन या गावात आले त्या पहिल्याच नाताळात सासूबाईंनी पत्र्याचा एक डबा माझ्या हातात दिला. "शाळेच्या स्वयंपाकघरात नेऊन दे. आल्याच्या बिस्किटांचा अख्खा घाणा लागला माझा. तिला चालतो. चालतो काय, आवडतो." मी गेले. डोक्याला पांढरा रुमाल बांधलेली एक उंच, हाडापेरानं मजबूत बाई भलंमोठं पातेलं घासत होती. तिनं हात पुसले, झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाली, "किती गं आठवण ठेवता तुम्ही माझी!"

मला वाटलं, काय गोड बाई आहे, किती थोडक्यात खूश होते. पुढची कित्येक वर्षं मीही डबे पोचवत राहिले.

आल्फहिल्ड जन्मली ल्युंगहुल्टच्या शेतावर. वडील अंथरुणाला खिळले ती नऊ वर्षं, मग आई अकरा वर्षं, मग आईची बहीण टेक्ला. "टेक्लामावशी छळायची नाही हं," आल्फहिल्ड सांगायची, "फक्त हाक मारायची. दर सात मिनिटांनी." दिवसा शाळेतल्या नव्वद पोरांचा स्वयंपाक, संध्याकाळी घरचं दुखणं, रविवारी उपासनेनंतर चर्चच्या कॉफीची भांडी. टेक्लामावशी गेली तेव्हा आल्फहिल्ड सत्तावन्न वर्षांची होती. शेत भावाच्या नावावर होतं, आणि त्यात तिला काही वावगंही वाटलं नव्हतं. तिनं तळ्याकाठचं दोन खोल्यांचं लाल घर घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक वस्तू निव्वळ स्वतःच्या हौसेनं आणली: निळा सोफा. रोज दुपारी दोन वाजता त्या सोफ्यावर आडवं पडायचं, हातात खुनाच्या तपासाची एखादी कादंबरी, दाराला आतून कडी. "दोन ते तीन मी मेले असं समज," असं तिनं टपाल वाटणाऱ्या मायकेनला बजावून ठेवलं होतं. मायकेन म्हणायची, "तिचा खुनी अजून सापडला नाही, म्हणून मी पत्र पायरीवर ठेवून पळते."

अशी बारा वर्षं गेली. मग भावाची बायको गुड्रून वारली.

एव्हाल्ड माणूस वाईट नव्हे. हे मुद्दाम आधीच सांगते. बहिणीहून चार वर्षांनी मोठा, चर्चचा जुना कारभारी, शब्दाला पक्का, हिवाळ्यात निम्म्या गावाचा बर्फ न सांगता उपसून देणारा. पण चुलीशी त्याची ओळख नव्हती. गुड्रूनमागं तो सोळा महिने उकडलेल्या अंड्यांवर जगला. शेवटी एका रविवारी बहिणीला म्हणाला, "तू ल्युंगहुल्टलाच राहायला ये. एवढं घर रिकामं पडलंय. आणि तुला तरी एकटीला काय करायचंय?"

आल्फहिल्ड म्हणाली, "बघू."

एव्हाल्डच्या घराण्यात "बघू" म्हणजे होकार. त्यानं लगेच आमच्या गावच्या परिचारिकेला शब्द देऊन टाकला, की ईस्टर झाल्यावर, मेच्या एक तारखेला लाल घर तिला भाड्यानं मिळेल. ती पोर बिचारी भाड्याच्या घराच्या शोधात होतीच. ती पडद्यांची मापं घ्यायला आली तेव्हा दुपारचे सव्वादोन वाजले होते. आल्फहिल्ड सोफ्यावरून उठली, तिनं कडी काढली आणि मापाच्या फितीचं दुसरं टोक धरून उभी राहिली.

"धरून उभी राहिलीस?" मायकेनला ऐकूनच झिणझिण्या आल्या.

"तिला एकटीला खिडकी पुरत नव्हती," आल्फहिल्ड म्हणाली.

गावात मात्र सगळे खूश. एव्हाल्डला बहीण आहे म्हणून नशीब, असं दुकानात, चर्चच्या दारात, दवाखान्यात चाललेलं. आल्फहिल्डला जो भेटेल तो तिचा हात हातात घेऊन म्हणे, "तुझ्यासारखी तूच." ती हसायची. घरी जाऊन सोफ्यावर पडायची, पण कादंबरीचं पान उलटत नव्हतं. हे तिनं मला नंतर सांगितलं.

दर मंगळवारी साडेतीन वाजता चर्चच्या सभागृहात आमचं शिवणमंडळ भरतं. मायकेन, आल्फहिल्ड, मी आणि आणखी चारपाचजणी. हात शिवतात आणि एकजण मोठ्यानं वाचून दाखवते, अशी रीत. मंडळाची इतिवृत्ताची वही आहे, आजेसासवांच्या काळापासून चालत आलेली. काय वाचलं, कोण काय म्हणालं, सगळं तिच्यात टिपलेलं. ती वही त्या वर्षी माझ्याकडं होती, म्हणून पुढचं बोलणं मला शब्दाला शब्द सांगता येतं.

ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला होता. टेबलावर ईस्टरच्या रिवाजाप्रमाणं बर्चच्या फांद्या, त्यांना बांधलेली रंगीत पिसं. चर्चचे नवे पाळक युआर लिंदेस्कूग वाचायला आले. चौतिशीचा मुलगा, विद्यापीठातून ताजा आलेला, कान नेहमी लाल. त्यानं सांगितलं, की सगळ्या पापांचं मूळ अहंकार. माणूस स्वतःला मधोमध बसवतो. हे सहा आठवडे प्रत्येकानं आपल्यातला अहंकार शोधावा आणि चिठ्ठीवर लिहावा. ईस्टरआधीच्या पवित्र गुरुवारी उपासनेनंतर सगळ्या चिठ्ठ्या, कुणीही न वाचता, लोखंडी कढईत जाळायच्या.

"अहंकार," मायकेन सुईत दोरा ओवत म्हणाली. "आमच्यात एकदाच झाला होता. एकीनं कॉफीबरोबर आठ प्रकारची बिस्किटं केली होती."

युआरला कळेना. मी समजावलं, "सात करायची असतात. सहा केली तर चिक्कू, आठ केली तर मिरवते."

"मग तिचं काय झालं?"

"काय व्हायचंय? आम्ही आठवं कुणी खाल्लंच नाही."

युआर हसला, चिठ्ठ्या वाटल्या आणि गेला. आम्ही त्या पिशवीत कोंबल्या आणि विसरलो. आल्फहिल्ड विसरली नाही. तिला कुणी एक काम सांगितलं की ती ते करतेच. तीन आठवडे ती अहंकार शोधत होती, हरवलेलं अंगुस्तान शोधावं तशी.

चौथ्या मंगळवारी युआर परत आला. तो पुस्तक उघडणार तोच आल्फहिल्ड म्हणाली, "युआर, मी शोधला. मिळाला नाही."

"आल्फहिल्ड," तो मऊपणे म्हणाला, "आपल्यात अहंकार नाही असं वाटणं, हाच कधीकधी…"

"ते मला माहीत होतं तू म्हणशील. म्हणून मी तिथंही शोधलं." तिनं शिवण मांडीवर ठेवलं. "तिथंही नव्हता. पण शोधताना दुसरंच एक हाती लागलं. ते चालेल का, एवढंच विचारायचंय."

"सांगा ना."

"मला करपलेलं आवडत नाही."

आमच्या सुया थांबल्या.

मायकेनला सगळ्यात आधी वाचा फुटली. "काय? अगं, चाळीस वर्षं मी तुझा वेगळा डबा ठेवतेय!"

"हो."

"घाणा चांगला उतरला की मला वाईट वाटायचं, आता आल्फहिल्डला काय देऊ म्हणून! दोनदा मी मुद्दाम करपवलेत!"

"ते कळलं होतं मला," आल्फहिल्ड म्हणाली. "ते जरा जास्तच करपलेले होते."

हसू कुणाला आवरेना. आल्फहिल्डही हसली, पण डोळे पुसून तिनं पुढं सांगितलं. ती बारा वर्षांची असताना आईचा बनचा एक घाणा मागच्या बाजूनं जळला. शेतावर कापणीची माणसं जेवायला होती. वडील, एव्हाल्ड, पाहुणे, गडी, सगळ्यांसाठी चांगले बन मोजून काढले तर करपलेले तेवढे उरले. आई ताटाकडं बघत उभी राहिली. तेव्हा आल्फहिल्ड म्हणाली, "मला करपलेलंच आवडतं." आईचा चेहरा एकदम सैल झाला. "तो चेहरा बघायला मी आणखी शंभर खाल्ले असते," ती म्हणाली.

युआरनं पुस्तक मिटलं होतं. "पण आल्फहिल्ड, हे पाप कसं? हे तर प्रेम आहे. स्वतःला मागं ठेवणं. मी तीन आठवडे हेच तर सांगतोय."

"त्या दिवशी प्रेम होतं," आल्फहिल्ड म्हणाली. "दुसऱ्या दिवशीपासून खोटं. आणि खोटं बोलू नये हे तर तुझ्याच यादीत आहे ना? मी दोन ओळी लिहायला बसले तर काय दिसलं, सांगू? एव्हाल्डला वाटतं, आपली बहीण करपलेलं आवडीनं खाते. तिला एकटीला काही करायचं नसतं. कुणाचं तरी करत राहिली की ती सुखात असते. अशी बाई नाहीच आहे रे. मीच ती बनवली आणि त्याला दिली. अठ्ठावन्न वर्षं तो माझ्यावर माया करतोय, आणि ती सगळी तिच्याकडं जातेय."

तिनं मांडीवरचं शिवण टेबलावर सरकवलं.

"आणि त्याचंही मी वाटोळं केलं," ती म्हणाली. "चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला बटाटा उकडता येत नाही. हे त्याचं एकट्याचं पाप नाही. त्यात आमच्या तिघी-चौघींचा हात आहे."

युआर जरा अडखळला. "तरी… आपण मधोमध नसावं, हे…"

"मधोमध बसू नये, पटलं. पण खोलीतच नसावं का?" आल्फहिल्डनं शेजारच्या टेबलावरचं मैदा मोजायचं पत्र्याचं माप उचललं. "हे बघ. शेजाऱ्यावर आपल्यावर करतो तितकंच प्रेम करायचं, अशी आज्ञा आहे. म्हणजे माप कुठलं? आपण. आता मापालाच भोक असेल तर शेजाऱ्याच्या पदरात काय पडणार? मी बायकांना आयुष्यभर भोकाच्या मापानं वाढताना बघितलंय. दमतात फार, आणि समोरच्याचं पोट काही भरत नाही."

"ही पापांची यादी केली कुणी पण?" मायकेन म्हणाली. "ज्याला बसल्या जागी दुसऱ्यानं कॉफी आणून दिली त्यानं. म्हणून त्यात अहंकार पहिला आणि हे असं स्वतःला पुसून टाकणं नावालाही नाही. बशा घासणाऱ्यांपैकी कुणाला विचारलं असतं तर यादी वेगळी झाली असती."

युआरचे कान पार लाल झाले. पण तो रागावला नव्हता. त्यानं ते माप हातात घेऊन फिरवून बघितलं, आणि मग विचारलं, "आल्फहिल्ड, हे मी गुरुवारच्या प्रवचनात सांगू? मला वाटतं, मी अर्ध्या मंडळीला चुकीचं औषध देत होतो."

"सांग की. माझं काय त्यात?"

"तेच, तेच!" मायकेननं टेबलावर थाप मारली. "'माझं काय त्यात' म्हणाली बघा! तुझंच आहे त्यात सगळं. युआर, नाव घेऊन सांगायचं. 'एका भगिनीनं म्हटलं आहे' असलं काही चालणार नाही. आणि तू गं, वहीत लिही, तारखेसकट."

मी लिहिलं. विषय: पाप. बोलणारी: आल्फहिल्ड ब्रूदीन.

पवित्र गुरुवारी युआरनं खरंच नाव घेतलं. "हा विचार माझा नाही. आपल्या मंडळीतल्या आल्फहिल्ड ब्रूदीनचा आहे," म्हणाला, आणि मापाचं सगळं सांगितलं. बनचं तेवढं त्यानं सांगितलं नाही, ते तिचं होतं. एव्हाल्ड पहिल्या बाकावर मान डोलवत होता. बहिणीचं नाव प्रवचनात आलं म्हणून छाती फुगलेली, अर्थ मात्र कुठं दुसऱ्याच गावाला गेलेला. बाहेर कढई पेटली. आम्ही आपापल्या चिठ्ठ्या टाकल्या. आल्फहिल्डनं तिची काढली, बघितली आणि परत कोटाच्या खिशात ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"हे जाळून भागणार नाही. ज्याला सांगायचंय त्याला अजून सांगितलं नाही."

"कधी सांगणार?"

"भीती वाटते गं," ती म्हणाली. सत्तर वर्षांची बाई. "सगळे म्हणतात तुझ्यासारखी तूच. उद्या काय म्हणतील?"

मेची पहिली तारीख आली होती दोन आठवड्यांवर. परिचारिकेचे पडदे शिवून झाले होते. पांढऱ्यावर पिवळी फुलं.

ईस्टरच्या सकाळी उपासना झाली आणि सगळे सभागृहात कॉफीला बसले. आमच्या टेबलाशी एव्हाल्ड, आल्फहिल्ड, मायकेन, युआर आणि मी. वेलदोड्याचे बन होते, वरून जाड साखर पेरलेले. ताटली फिरली, फिरली आणि एक बन उरला. आता आमच्याकडं ताटलीतला शेवटचा तुकडा कुणी घेत नाही. त्याच्याकडं सगळे बघतात, तो एकमेकांकडं सरकवतात. मग कुणीतरी सुरीनं अर्धा कापून घेतं, पुढचा त्या अर्ध्याचा अर्धा. असं करत करत शेवटी बोटभर चुरा राहतो, आणि तो बशा धुणारी बाई उभ्या उभ्या तोंडात टाकते. बशा धुणारी बाई कोण, हे सांगायला नको.

मायकेननं सुरी उचलली. तेवढ्यात एव्हाल्डनं खिशातून कागदी रुमाल काढला आणि आल्फहिल्डपुढं उलगडला. आत एक बन होता, तळ कोळशासारखा काळा.

"ताटली आली तेव्हाच तुझ्यासाठी उचलून ठेवला," तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा असा फुलला होता, की मला खाली बघावंसं वाटलं. "म्हटलं, दुसऱ्या कुणी घ्यायच्या आत. ल्युंगहुल्टला आलीस की रोज मिळतील, ती भट्टी मागच्या बाजूनं अजून तशीच जाळते."

आल्फहिल्डनं त्या बनकडं बघितलं. मग तिनं हात लांब केला, मायकेनच्या सुरीखालून ताटलीतला शेवटचा बन अख्खा उचलला आणि घास घेतला.

शेजारच्या टेबलावरचं बोलणं बंद पडलं. कुणाचा तरी चमचा बशीत वाजला.

आल्फहिल्डनं सावकाश चावून गिळलं. "एव्हाल्ड," ती म्हणाली, "मला करपलेलं आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

"असं कसं? आई नेहमी म्हणायची…"

"आईला मी सांगितलं होतं. मी खोटं बोलले. आईशी, तुझ्याशी, सगळ्यांशी." तिनं खिशातून चिठ्ठी काढून त्याच्यापुढं ठेवली. "इथं लिहिलंय. वाच, नाहीतर ठेव. आणि मी ल्युंगहुल्टला येत नाहीये. मला माझं घर आवडतं. दुपारी दोन वाजता तर फारच आवडतं."

एव्हाल्डनं चिठ्ठी उचलली. "पण तू 'बघू' म्हणाली होतीस."

"मी बघितलं."

"मी त्या मुलीला शब्द दिलाय!"

"तू दिलास, तू जाऊन परत घे. आणि ल्युंगहुल्टला वरच्या मजल्यावर तीन खोल्या रिकाम्या आहेत, त्या दाखव तिला. पडदे तिथंही बसतील, मापं मी सांगते."

एव्हाल्ड कपातली कॉफी ढवळत राहिला. सगळं सभागृह कॉफी पिण्याचं नाटक करत होतं. मग त्यानं अगदी हळू विचारलं, "मग माझ्या बटाट्यांचं काय?"

मायकेनला ठसका लागला. आल्फहिल्डही हसली, पण तिनं भावाच्या मनगटावर हात ठेवला. "सोमवारी चार वाजता ये. एप्रन घेऊन ये. मी करणार नाही, मी बसून सांगणार. तू करायचे."

एव्हाल्डनं चिठ्ठी वाचली. दोनच ओळी होत्या, पण त्याला वेळ लागला. चिठ्ठीची घडी घालून त्यानं ती छातीच्या खिशात ठेवली. मग समोरचा करपलेला बन उचलला, उलटा करून बघितला आणि तळाकडूनच एक मोठा घास घेतला. आम्ही सगळे बघत होतो. त्याचा जबडा हळूहळू हलत होता.

"कडू आहे," तो म्हणाला.

"हो."

"अठ्ठावन्न वर्षं?"

"अठ्ठावन्न."

"वेडी आहेस तू," एव्हाल्ड म्हणाला. मग त्यानं उरलेला बनही खाल्ला, चुऱ्यासकट. उठला, टेबलावरच्या बशा गोळा केल्या आणि त्या कुठं ठेवतात ते माहीत नसल्यानं मधोमध उभा राहिला.

"उजवीकडं," मायकेन म्हणाली. "ते जे पांढरं खोल दिसतंय ना, त्याला सिंक म्हणतात."

परिचारिका ल्युंगहुल्टच्या वरच्या मजल्यावर राहायला गेली. खिडक्या तिथं मोठ्या निघाल्या, म्हणून पडद्यांना खाली आल्फहिल्डनं निळ्या कापडाची पट्टी जोडून दिली. जोडून दिली, पण तीन वाजल्यानंतर. एव्हाल्ड आता बटाटे उकडतो, मासा तळतो, आणि जूनमध्ये शिवणमंडळाला त्यानं स्वतः केलेले बन आणले. निम्मे मागच्या बाजूनं जळले होते. ते कुणी खायचे यावर पाऊण तास वाद झाला, आणि शेवटी मी वहीत लिहिलं: विषय, करपलेले बन. ठराव, ज्यानं केले त्यानं आधी, मग सगळ्यांनी एकेक. आल्फहिल्डनं तिच्या वाटणीचा घेतला, तळ सुरीनं खरवडून काढला आणि उरलेल्यावर भरपूर लोणी लावलं.